मूठ आवळून दाखवा

उजव्या हाताने काम करणारा माणूस डाव्या हाताने दार ढकलून आत आला की मी बसल्या जागी अंदाज बांधते. मग तो बसायला खुर्ची ओढतो. तळवा खाली ठेवून खुर्चीची पाठ धरायला जातो आणि मध्येच हात काढून घेतो. आमच्या फिजिओथेरपीच्या तपासणीत कोपराच्या दुखण्याची ही एक चाचणीच आहे. पेशंट ती न सांगता करून दाखवतो.

मागच्या पावसाळ्यात असे एक मामा आले. घर बेळगावजवळ मच्छ्याला, काम उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, फेटलिंगला. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला जे कंगोरे राहतात ते ग्राइंडरने घासून काढायचे. दिवसाचे आठ तास मूठ आवळलेली आणि त्या मुठीत थरथरणारं मशीन.

“ताई, पंचवीस किलोचं कास्टिंग एकटा उचललोय मी. आता चहाचा कप धरलो की हितनं कळ मारालीय.” त्यांनी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. “इंजेक्शन घेतलो. दीड महिना काय सुद्धा नव्हतं. आता परत दुखालंय, पहिल्यापेक्षा जास्त. आराम करा म्हणालेत. कुठनं करू, सांगा की.”

‘मी उचललो’, ‘मी घेतलो’ हे आमचं बेळगावचं मराठी. पुण्याची भाची आली की ती माझ्या पेशंटची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करताना दिसते. मला मात्र पेशंट असं बोलायला लागला की बरं वाटतं. ‘मॅडम, मी इंजेक्शन घेतलं’ असं तो जपून बोलत असतो तोवर दुखणंही जपूनच सांगत असतो.

मामांनी विचारलेला प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं. आराम कुठून करू? वडगावात मागावर बसणारा विचारतो, निपाणीची विडीवाली विचारते, येळ्ळूरची म्हैस पाळणारी बाई विचारते. या प्रश्नाला उत्तर शोधता शोधताच मी माझं काम शिकले.

नाव टेनिस एल्बो. वीस वर्षांत या दुखण्याचे शेकडो हात मी धरले, त्यांत टेनिसची रॅकेट धरणारे बोटावर मोजण्याइतके असतील. नावाचा इतिहासही मजेचा आहे. या दुखण्याचं पहिलं वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने केलं, आणि ते लिहून लिहून हात दुखणाऱ्या लोकांबद्दल होतं. लॉन टेनिसचं पेटंट इंग्लंडमध्ये निघालं त्यानंतरच्या वर्षी, १८७४ ला. खेळ श्रीमंतांत पसरला, त्यांचे हात दुखले, तेव्हा १८८० नंतर नाव पडलं ते खेळाचं. कारकुनाचं नाव मागे राहिलं. धुणं पिळणाऱ्या बाईचं तर कधी लागलंच नाही.

हे वाचताना एक करून बघा. डाव्या हाताचा तळवा उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या चार बोटं खाली ठेवा आणि उजवी मूठ आवळा. तळव्याखाली काहीतरी टणक होऊन वर आलं ना? बोटं वळतात पुढच्या स्नायूंनी, पण त्या वेळी मनगट खाली कोसळू नये म्हणून मागचे स्नायू ते ताणून धरतात. म्हणजे मूठ आवळली की मागच्या स्नायूंना काम पडलंच. कप धरा, किल्ली फिरवा, तवा उचला, प्रत्येक वेळी पडतंच. हे स्नायू वर जाऊन एका कंडरेने, म्हणजे टेंडनने, कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतात. जागा नखाएवढी. सगळ्या मुठीचा ताण तिथे येऊन थांबतो.

लोक याला ‘सूज’ म्हणतात, आम्हीही कॉलेजात तसंच शिकलो. पण जुन्या दुखण्यातली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर सुजेच्या पेशी फारशा नसतात. एका दिशेने विंचरल्यासारखे असायला हवेत ते तंतू विस्कटलेले असतात, मध्ये नको त्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. जुन्या सुंभाचे पीळ उलगडावेत तसं. ती आग नसते, झीज असते. म्हणून आग विझवणाऱ्या औषधाने ती सुधारत नाही, थोडे दिवस गप्प बसते एवढंच.

पहिला कोपर मी हातात घेतला तो आईचा.

येळ्ळूरला आमचं घर, मागे राजहंसगड. पंचवीसएक वर्षं झाली असतील, मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होते. भाताची रोपं लावून झाली होती आणि आईचा उजवा हात धरला होता. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ धार, दहा माणसांच्या भाकऱ्या. ती आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावून, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधून कामं करायची. मी शनिवारी घरी गेले ती मोठ्या उत्साहात. त्याच आठवड्यात आम्हाला आडवं मर्दन शिकवलं होतं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या जेम्स सिरियॅक्स यांची ही पद्धत. कंडरेचे तंतू ज्या दिशेने जातात त्यांना काटकोनात, एकाच ठिकाणी, खोल घासायचं. तेल नाही, पावडर नाही, कारण बोट कातडीवरून घसरलं तर काम वरच्या वर होतं. बोटाने कातडीला बरोबर घेऊन खालच्या कंडरेवर आडवं सरकायचं. दहा मिनिटं.

मी दहा मिनिटं घड्याळ लावून घासलं. आईने तोंड भिंतीकडे केलं होतं. ती काही बोलली नाही, मला वाटलं बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेले तर ती डाव्या हाताने धार काढत होती. दूध निम्मंही निघालं नव्हतं, म्हैस पाय आपटत होती. आईचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, कोपरापाशी काळंनिळं झालेलं.

सोमवारी मी हे आमच्या सरांना सांगितलं. सर धारवाडकडचे, मराठी समजायचं पण बोलायचे कानडीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, माझा कोपर काटकोनात धरला, तळवा वर केला आणि अंगठा ठेवला. “एल्ली नोवु?” कुठे दुखतं? त्यांचा अंगठा उंचवट्याच्या टोकावर नव्हताच. टोकाच्या पुढच्या अंगाला, हाड जिथे थोडं सपाट होतं तिथे होता. मी आईच्या हाडाच्या शेंड्यावर दहा मिनिटं घासलं होतं. मग ते म्हणाले, “सडिल बिड्री.” सैल सोडा. मला वाटलं माझ्या हाताला म्हणतायत. ते माझ्या दुसऱ्या हाताला म्हणत होते, जो मांडीवर मूठ वळून बसला होता. पेशंटचा दुसरा हात बघायची सवय मला त्या दिवशी लागली.

त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते मी आजही पाळते. सुरुवातीचं दुखणं मिनिट-दोन मिनिटांत बधिर होत गेलं पाहिजे. होत नसेल तर जागा चुकली आहे किंवा जोर जास्त आहे. बधिर झाल्यावर पुढची दहा मिनिटं मोजायची. आणि जोर अंगठ्याचा नसावा, खांद्यातून यावा, नाहीतर फिजिओथेरपिस्टचाच अंगठा पाच वर्षांत कामातून जातो. माझा वाचला तो त्या सरांमुळे.

त्या वेळी तू बोलली का नाहीस, हे मी आईला फार उशिरा विचारलं, चार-पाच वर्षांपूर्वी. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “तुझी परीक्षा होती न्हवं.”

सिरियॅक्सच्या पद्धतीत मर्दनाला जोडून लगेच एक झटका देतात, मिल्सचा. पर्सिव्हल मिल्स या इंग्लिश सर्जनने १९२८ साली तो लिहून ठेवला. दंड आडवा, हात आत वळवलेला, मनगट पूर्ण खाली दुमडलेलं, आणि कोपर सरळ होत आला की शेवटच्या अंशात एक छोटा, चपळ धक्का. कंडरा हाडाला चिकटते तिथले जुने बंध सैल व्हावेत ही कल्पना. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे, असा त्याचा नेम. मी हा झटका क्वचितच देते. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर तो द्यायचाच नाही, सांधा दुखावतो. आणि आमच्या भागात झटक्याची भीती लोकांच्या मनात आधीच असते. बहुतेकजण माझ्याकडे येण्याआधी गावातल्या हाडवैद्याकडे जाऊन आलेले असतात. काही हाडवैद्यांचा हात खरंच जाणता असतो, पण झटका देण्याआधी हात कितपत सरळ होतो हे बघणारे थोडे. असा एक झटका खाऊन आलेल्या माणसाला मी पुन्हा झटका देणार म्हटलं तर तो मूठ सोडणारच नाही, आणि सैल न सोडलेल्या हातावर कुठलीच पद्धत चालत नाही.

मामांवर मी वेगळी पद्धत वापरली. ती न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची आहे, आणि मला विचाराल तर फाउंड्रीच्या माणसासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. कारण ती दुखवत नाही. दुखलं तर ती चुकली, असा तिचा नियमच आहे.

आधी मोजून घेतलं. माझ्याकडे मूठ मोजायचं यंत्र आहे, पण मला जुना बीपीचा पट्टा आवडतो. तो गुंडाळायचा, २० पर्यंत हवा भरायची आणि पेशंटच्या हातात द्यायचा. “मामा, मूठ आवळून दाखवा. पण दुखायला लागलं की तिथंच थांबायचं. ताकद दाखवायची नाही.” हे सांगावं लागतं, कारण पुरुष माणूस यंत्र बघितलं की दात आवळतो. काटा साठपर्यंत गेला आणि ते थांबले. डाव्या हाताने त्यांनी तो सहज दोनशेपर्यंत नेला.

मग पाठीवर झोपवलं. हात अंगालगत, कोपर सरळ, तळवा खाली. माझा एक हात त्यांच्या कोपराच्या अगदी वर, बाहेरून, दंडाचं हाड जागेवर धरून ठेवणारा. दुसरा कोपराच्या अगदी खाली, आतून. आतल्या हाताने खालचं हाड बाहेरच्या दिशेने सरकवायचं. दिसायला काही दिसत नाही, काही मिलिमीटरचा खेळ. सरकवून तसंच धरून ठेवायचं आणि म्हणायचं, आता आवळा.

पहिल्या वेळी ते म्हणाले, “आहेच की.” मी दिशा किंचित मागे वळवली. फार नाही, घड्याळाच्या काट्याचं एक मिनिट म्हणा. “आता?”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मग मान उचलून स्वतःच्या हाताकडे बघितलं.

“आता नाही.”

मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. तो गादीवर पसरलेला होता.

सहा ते दहा वेळा असं करायचं, मध्ये थोडं थांबत. मामांचे हात माझ्या दुप्पट, त्यामुळे तिसऱ्या वेळेला मी ओढायचा बेल्ट घेतला, माझ्या खांद्यावरून त्यांच्या कोपराखाली, म्हणजे ओढ माझ्या अंगाच्या वजनाने येते आणि हात फक्त दंड धरायला मोकळा राहतो. शेवटी पुन्हा बीपीचा पट्टा दिला. काटा शंभराच्या पुढे गेला. तो कायम तिथे राहत नाही. संध्याकाळपर्यंत थोडा खाली येतो, दुसऱ्या वेळी थोड्या वरून सुरू होतो. हा आराम नेमका कशाने येतो यावर जाणत्यांत एकमत नाही. हाड ‘जागेवर बसलं’ असं मी पेशंटला कधीच सांगत नाही, कारण तसं सांगितलं की तो पुढच्या कळेला हाड ‘सरकलं’ समजतो आणि हात वापरायचा बंद करतो.

हा सगळा खटाटोप करून मिळतं काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. १९८ पेशंट, तीन गट. एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला आठ वेळा हाताने उपचार आणि व्यायाम, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट बघणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्षाने तेच सगळ्यांत मागे, आणि इंजेक्शनने बरं वाटलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं उलटलेलं. मामांचं झालं तसंच. आणि आमचा गट? वर्षाच्या शेवटी आमचे पेशंट आणि नुसते थांबलेले पेशंट जवळपास बरोबरीत होते.

हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मग मी आमच्याकडचं वर्ष डोळ्यांसमोर आणलं. वर्षभर थांबायचं म्हणजे मामांनी काय करायचं? फेटलिंगवाल्याने महिनाभर हात खाली ठेवला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. माझ्या आईने वर्षभर थांबायचं तर दोन म्हशी विकाव्या लागल्या असत्या. आधी बरं होण्याला आमच्याकडे पगाराइतकी किंमत आहे. माझ्या हातांनी झालाच तर तेवढा फायदा होतो: दुखऱ्या माणसाचे मधले काही महिने वाचतात आणि त्या महिन्यांत तो कामावर राहतो. मला तो फार मोठा वाटतो. म्हणून ‘आराम करा’ हे मी कागदावर लिहायचं सोडून दिलं आहे. जे औषध आमच्या गावात कुठल्या दुकानात मिळत नाही ते लिहून देण्यात काय अर्थ?

शिवाय नुसत्या आरामाने कंडरा मजबूत होतही नाही. तिला ओझं लागतं, पण मापात. हाताने दुखणं कमी करायचं ते या ओझ्याची दारं उघडावीत म्हणून. मामांना मी डंबेल सांगितले नाहीत. “घरात हातोडा आहे का?” हातोडा नाही असं फाउंड्रीवाल्याचं घर नसतं. हात टेबलावर, मनगट टेबलाच्या बाहेर, तळवा खाली, हातोड्याचा दांडा मुठीत. पहिले आठ-दहा दिवस नुसता धरून ठेवायचा, चाळीस-पंचेचाळीस सेकंद, चार-पाच वेळा. मग डाव्या हाताने मनगट वर आणून द्यायचं आणि उजव्याने सावकाश खाली सोडायचं, मनात पाच मोजत. दांड्याच्या डोक्याजवळ धरलं तर हलका, टोकाला धरलं तर जड, म्हणजे एकाच हातोड्यात सगळी वजनं आली. बायकांना मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली सांगते आणि दर आठवड्याला दोन बोटं पाणी वाढवायला लावते. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप धरताना ते वाढलेलं नसावं, एवढी एकच खूण लक्षात ठेवायची.

कामाच्या जागी बदल छोटे असतात, पण दिवसाचे आठ तास ते कामाला येतात. ग्राइंडरच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की दांडा जाड होतो, मूठ कमी आवळावी लागते, थरथरही थोडी मरते. कास्टिंग वरून पकडून न उचलता तळवा वर करून, कोपर अंगाला लावून उचलायचं. कपडे पिळताना नळाला वेढा घालून दोन्ही हातांनी ओढायचे. भाकरी बडवल्याने सहसा काही होत नाही, त्रास होतो तो घट्ट पीठ मळताना आणि तापलेला तवा सांडशीत धरून एका हाताने उचलताना.

आणि प्रत्येक कोपरावरचं दुखणं कोपराचं नसतं. मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, मान वळवली की कळ वाढत असेल तर मानेकडे बघायला हवं. मी एका शिक्षकांचा कोपर तीन आठवडे धरून बसले होते आणि दुखणं मानेतलं निघालं. ते चिडले नाहीत, पण त्यांचे तीन आठवडे मी घालवले. तेव्हापासून कोपराला हात लावायच्या आधी मान तपासते.

मामांच्या आठ फेऱ्या ठरल्या होत्या. पाचव्या वेळी ते म्हणाले, रोज दुपारी सुट्टी मागायला लाज वाटते, घरी कोणी करू शकेल का? मी म्हटलं, मामींना घेऊन या.

मामी गोकाककडच्या. लग्न होऊन पंचवीस वर्षं मच्छ्यात, मराठी बोलतात, पण घाई झाली की कानडीत जातात. हात कष्टाचे, बोटं लांब. मी त्यांना दंड कुठे धरायचा ते दाखवलं, खालचा हात सांध्याला अगदी लागून हवा हे सांगितलं. त्यांनी धरलं, पण ओढेनात.

“मोडलं तर?”

“मोडत नाही. दुखलं तर ते सांगतील. सांगायचं बरं का, मामा. गप्प बसायचं नाही.”

त्यांनी हळूच बाहेर सरकवलं. मामांनी मूठ आवळली आणि तोंड वाकडं केलं. मामींनी झटकन हात सोडले. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, सरांनी माझ्या हातावर ठेवला होता तसा, आणि दिशा थोडी मागे नेली.

“हं. आता विचारा.”

“नोवु?”

मामांनी आवळलं. एकदा, दोनदा, तीनदा.

“इल्ल,” ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, “नाही, ताई.”

मामी त्यांच्या मुठीकडे बघत ओढ तशीच धरून राहिल्या. मी माझा हात काढून घेतला होता हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.